तीन घरं फायनल

मेकन मागे पडलं, सव्हानाकडे जाणारा सरळसोट रस्ता लागला आणि गाडी बोलली. गाडीला बोलायची सवय होतीच. डावीकडे राहा, पुढे पोलीस आहे, मागच्या टायरमध्ये हवा कमी आहे, असं ती अटलांटा सोडल्यापासून अधूनमधून सांगत होती आणि सगळे तिचं मुकाट ऐकत होते, कारण साठी जवळ आली की कुणीतरी ठामपणे काही सांगावं असं माणसाला वाटायला लागतं. पण आता ती म्हणाली की दीपाचा मेसेज आहे, 'तीन घरं फायनल' या ग्रुपवर, आणि कुणी नको म्हणायच्या आत तिनं तो वाचूनही दाखवला. दीपानं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं आणि गाडीतली बाई जन्मानं अमेरिकन. तिनं एकेका शब्दाचा गळा दाबला, तरी अर्थ जिवंत राहिला. केदार, अरुणला आज सांगून टाक. जेवणानंतर नको, मूड जातो. संजय आणि नीना सारखे विचारतायत. एवढं वाचून तिनं विचारलं, उत्तर पाठवायचंय का? केदार रस्त्याकडे बघत राहिला. बरं, असं म्हणून ती गप्प झाली आणि मघाचं भावगीत जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

गाडी केदारची होती आणि तोच चालवत होता. शेजारी त्याची बायको रुचा. मधल्या रांगेत कुमार आणि दीपा, म्हणजे दीपानं तो मेसेज केदारच्या मानेपासून हातभर अंतरावर बसून पाठवला होता. आणि सगळ्यांत मागे, तिसऱ्या रांगेत, जिथे एके काळी या सगळ्यांची पोरं बसायची आणि वळणावळणांवर ओकायची, तिथे अरुण बसला होता. एका बाजूला बर्फाचा कूलर, मांडीवर पेपर प्लेट्सची पिशवी. तिथे बसायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन जोड्या आणि एक माणूस गाडीत चढले की जागा आपोआप ठरतात, पाणी जसं उताराला लागतं तसं.

दीपा आपल्या फोनकडे असं बघत होती जणू तो कुणीतरी तिच्या हातात कोंबून पळून गेलं होतं. क्षणभरापूर्वी क्रिकेटवर बोलत असलेला कुमार अचानक घोरायला लागला. केदारनं गाणं थोडं मोठं केलं, मग ते फार मोठं झालं म्हणून थोडं लहान केलं. रुचा म्हणाली, काय सुंदर झाडी आहे ना. बाहेर पाइनची झाडं होती. मेकनपासून तीच होती आणि समुद्रापर्यंत तीच असणार होती. या रस्त्यावर झाडीबद्दल गेल्या वीस वर्षांत कुणी काही बोललं नव्हतं. अरुण म्हणाला, हो, सुंदर आहे. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच बरा वाटला. बोट दारात चेपल्यावर कळ यायच्या आधी एक मोकळा क्षण असतो, त्यात माणूस शांतपणे आपल्या बोटाकडे बघू शकतो. अरुण बघत होता. त्याला आधी दिसलं ते नावच. फायनल. या गाडीतल्या तिन्ही पुरुषांचं आयुष्य फायलींना नावं देण्यात गेलं होतं. फायनल, फायनल टू, फायनल न्यू, धिस वन फायनल. पाठीमागे फायनल लागलं की त्याचा अर्थ एवढाच असतो की आधीची फाइल आता उघडायची नाही. ती पुसायचीही नसते. ती तशीच पडून राहते, आणि तिच्यात कुणी एखादं नवं वाक्य लिहिलं तर ते कुणालाच कळत नाही.

आधीच्या ग्रुपचं नाव नुसतं 'तीन घरं' होतं. ते अहिल्यानं ठेवलं होतं. त्या ग्रुपवर शेवटचा मेसेज अरुणचा होता, गुरुवारचा: त्याच्या घरापुढच्या हिरवळीवर रोवलेल्या 'विकणे आहे'च्या पाटीचा फोटो. दीपानं त्याला टाळ्या वाजवल्या होत्या, रुचानं हात जोडले होते आणि कुमारनं अंगठा दाखवला होता. केदारनं काहीच केलं नव्हतं. त्यावर अरुणला तेव्हा वाटलं होतं की केदार कामात असेल. आता त्याला वाटलं की चौघांत तेवढाच एक प्रामाणिक निघाला.

गोष्ट साधी होती आणि मराठी मंडळात सगळ्यांना तोंडपाठ होती. केदार-रुचा, कुमार-दीपा आणि अरुण-अहिल्या यांनी म्हातारपणी शेजारी शेजारी राहायचं. कुठेतरी समुद्राजवळ, जिथे रोज तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये अडकावं लागत नाही. सकाळी एकाच्या अंगणात चहा, दुपारी दुसऱ्याकडे पत्ते, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर दोन गाड्या हाताशी. पोरं पोरांच्या वाटेनं जाणार हे पोरं शाळेत होती तेव्हाच सगळ्यांना दिसलं होतं, आणि पुण्यानागपूरला परत जायचं हे दर दिवाळीला बोलून होळीपर्यंत विसरायचं असतं हेही. तेव्हा हाच एक मार्ग. गेली वीस वर्षं प्रत्येक सहलीत, प्रत्येक वाढदिवसाला, तिसऱ्या पेल्याला ही तीन घरं बांधली जायची. भिंतीचे रंग ठरले होते. कढीपत्ता कुणाच्या अंगणात लावायचा यावरून रुचा आणि दीपा महिनाभर बोलत नव्हत्या. मग दीड वर्षापूर्वी अहिल्या गेली, आणि तिच्या दिवसांच्या जेवणात केदारनं अरुणच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं की तीन घरं म्हणजे तीन घरं. अरुण त्या वाक्यावर दीड वर्ष जगला. माणसं कशाकशावर जगतात. कुणी गुडघे बदलून घेतात, कुणी योग करतात, अरुण त्या वाक्यावर जगत होता. सव्हानापासून अर्ध्या तासावर एक नवी वसाहत उभी राहत होती, पंचावन्नच्या पुढच्यांसाठी, आणि तिथे एका चौकाभोवती अशी तीन घरं मिळत होती. या वीकेंडला शनिवारी शहर बघायचं, रविवारी घरं. म्हणून तर अरुणनं पाटी लावली होती.

तीन घरं अजूनही तीनच होती. त्यानं मनात पुन्हा बेरीज केली. तीनातून एक गेला तरी नाव तीनच राहिलं, म्हणजे एक आला. संजय आणि नीना. ते दोन वर्षांपूर्वी मंडळात आले, पिकलबॉल खेळायचे, एकसारखे बूट घालायचे आणि एअर फ्रायरमध्ये करंज्या करायचे. करंज्या वाईट नसायच्या. त्यांचा राग येण्यासारखं त्यांच्यात काहीच नव्हतं, आणि हीच गोष्ट अरुणला पाइनच्या त्या न संपणाऱ्या भिंतीकडे बघताना फार जड गेली. शत्रू म्हणून उभं करावं असं कुणी मिळेना.

मांडीवरच्या प्लेट्स जाड होत्या, कप्पे असलेल्या. आमटी भाताखाली जाऊ नये म्हणून त्यानं मुद्दाम शोधून आणल्या होत्या. परदेशातल्या मराठी पंगतीत एक उतरंड असते. पुरणपोळी करणारी वर, मग भाजी-आमटीवाल्या, मग कोशिंबीर, मग दुकानातून गुलाबजाम आणणारे, आणि सगळ्यांत खाली ज्याला सांगतात की तू काही करू नकोस, तू फक्त पेपर प्लेट्स आणि बर्फ आण. ही जागा एकट्या पुरुषाची. अमेरिकेत आल्या आल्या पिस्कॅटवे गावी एका खोलीत चार पोरं राहत होती तेव्हा केदार आणि अरुण आळीपाळीनं प्लेट्स न्यायचे. लोकांच्या घरी दारात ती पिशवी हातात धरून उभं राहिलं की मालकीणबाई 'या भावजी' म्हणायच्या आणि पिशवीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मग अहिल्या आली. पहिल्याच गेट-टुगेदरला तिनं गोळाभात केला, वर चिंचेचं सार, आणि त्या दिवसापासून अरुण घराघरांत आत शिरला तो भाताच्या पातेल्यामागून. तीस वर्षं त्याच्या हातात कायम काहीतरी गरम असायचं. ती गेल्यावर पहिल्याच पार्टीला रुचानं प्रेमानं लिहिलं, अरुण, तू त्रास नको घेऊस, फक्त प्लेट्स आणि बर्फ. त्यानं घेतला त्रास. अहिल्याच्या हाताखाली इतकी वर्षं कांदे चिरले होते, तेवढ्या भांडवलावर त्यानं एकदा गोळाभात करून नेला. बरा झाला होता. पण सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि हातातले चमचे खाली ठेवले. दीपाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुमार बाल्कनीत गेला, कुणीतरी म्हणालं, अगदी तिच्यासारखा. नंतर ती पार्टी काही रंगली नाही. मूड गेला. तेव्हापासून पुन्हा प्लेट्स.

मूड जातो, हे दीपाचं बरोबर होतं. अरुण जिथे जाईल तिथला मूड जात होता. अरुणला त्या दुसऱ्या ग्रुपवर काय बोलणं झालं असेल ते न वाचता ऐकू यायला लागलं, ज्याच्या त्याच्या आवाजात. रुचा म्हणाली असेल, मला त्याच्याबद्दल प्रेम नाही असं नाही, पण उद्या तो आजारी पडला तर डबा कोण नेणार, मी आणि तूच ना? दीपा म्हणाली असेल, आणि पडला बाथरूममध्ये तर? कुमारनं एखादा तक्ता केला असेल. केदारनं बराच वेळ काही लिहिलं नसेल, नुसतं 'टायपिंग' असं येऊन जात राहिलं असेल. आणि हे सगळं बिनचूक होतं. जोडीतला एक पडला तर दुसरा उचलायला असतो. एकटा पडला तर शेजारी. तीन घरांच्या आराखड्यात एकटा माणूस हा दोष आहे, अरुणच्या हाताखालच्या पोरानं असा आराखडा आणला असता तर त्यानं स्वतः तो परत पाठवला असता. पण तक्त्यात एक गोष्ट कुणी लिहिली नसणार. रोज सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात यायचं आणि समोरच्या पायरीवर एकटा बसलेला अरुण बघायचा, म्हणजे आपल्या दोघांपैकी एकाचं पुढे काय होणार ते रोज सकाळी बघायचं. तेवढ्यासाठी कुणी समुद्रकिनारी घर घेत नाही.

वाटेत एका टपरीशी केदारनं गाडी थांबवली. जॉर्जियात रस्त्याच्या कडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात, आणि इथे थांबलं की रुचा दरवेळी म्हणते की अगदी आपल्यासारख्या, आणि कुमार दरवेळी म्हणतो की आपल्यासारख्या नाहीत. आजही दोघांनी आपापलं म्हटलं, जरा घाईनंच. केदार अरुणला बाजूला घेऊन गेला. दोघं एका पत्र्याच्या शेडच्या सावलीत उभे राहिले. केदारनं विचारलं, तुझी शुगर कशी आहे. अरुण म्हणाला, बरी आहे. केदार म्हणाला, माझी वाढलीये. मग त्यानं शेंगांची ओली पिशवी अरुणच्या हातात दिली आणि म्हणाला, खा, गरम आहेत, आणि गाडीकडे निघून गेला. चाळीस वर्षांची मैत्री होती. हॉस्टेलमध्ये एका गादीवर झोपलेले, एका विमानानं आलेले. केदारला वाईट बातमी कधीच सांगता आली नव्हती. पिस्कॅटवेला अरुणच्या वडिलांच्या निधनाचा फोन त्यानं घेतला तेव्हाही तो अरुणला आधी सिनेमाला घेऊन गेला होता.

सव्हानाला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. हे शहर चौकाचौकांचं आहे, आणि प्रत्येक चौकात ओकची प्रचंड झाडं, आणि त्यांच्या फांद्यांवरून राखाडी शेवाळासारख्या जटा लोंबणाऱ्या, साधूनं डोकं खाली करून वाळत घातल्यासारख्या. जुनी घरं, लोखंडी कठडे, घोडागाड्या, आणि जिथे जाल तिथे भुतं दाखवायच्या सहलींच्या जाहिराती. लेक अनिका सहा वर्षांची असताना अरुण आणि अहिल्या तिला घेऊन इथे आले होते. ट्रॉलीतला गाइड म्हणाला होता की या जटा झाडाचं काही खात नाहीत, झाडाला त्यांचा त्रास नाही, नुसत्या टेकून असतात, हवेवर जगतात. अहिल्या अरुणच्या कानाशी म्हणाली होती, तुझ्यासारख्या. तेव्हा तो हसला होता. आज चौकातल्या बाकावर बसून तो वर बघत राहिला. शेजारी कुमार आणि दीपा एकमेकांचे फोटो काढत होते, मग रुचानं त्या दोघांचा काढला, मग दीपानं केदार-रुचाचा, आणि मग सगळ्यांना एकदम आठवल्यासारखं होऊन त्यांनी अरुणला मध्ये घेतलं आणि तो फोटो काढायला कुणीच उरलं नाही म्हणून अरुणनंच हात लांब करून काढला. त्यात त्याचं कपाळ तेवढं आलं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात अहिल्यानं त्याला एक प्रश्न विचारला होता. औषधांनी तिची जीभ जड झाली होती, पण डोकं लख्ख होतं, आणि भेटायला येणाऱ्यांचा रोजचा राबता नुकताच थांबला होता. तुला यांच्यातलं खरं कोण आवडतं रे, असं तिनं विचारलं. अरुण म्हणाला, म्हणजे काय, सगळेच. तर ती म्हणाली, मला कुणीच नाही. इतकी वर्षं भात करून करून दमले. तुला माणसं लागतात म्हणून धरून ठेवली होती. अरुणनं तिचा हात हातात घेतला, पण त्याला हे सांगता आलं नाही की त्यालाही ही माणसं फारशी लागत नव्हती, तो दर शनिवारी पातेलं उचलून निघायचा तो तिला माणसं लागतात म्हणून. म्हणजे तीस वर्षं दोघं एकमेकांसाठी हसत, पत्ते पिसत, परक्यांच्या सोफ्यावर बसले होते, आणि घरी परतताना गाडीत एकमेकांना सांगत होते की मजा आली. आणि आता ती नव्हती, तर त्याला ती माणसं खरोखरच लागत होती. आवडत नसूनही लागत होती. हे असं होईल असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं. याची गोळीही मिळत नाही.

जेवणाआधीच, दीपाच्या सूचनेबरहुकूम, केदार म्हणाला, चल जरा नदीवर जाऊन येऊ. बायकांनी लगेच प्रालीनच्या मिठाईच्या दुकानात शिरायचं ठरवलं आणि कुमारला पर्स धरायला सोबत नेलं. नदीकडे उतरणारा दगडी उतार निसरडा होता आणि केदारनं अरुणचा दंड धरला, किंवा स्वतःला धरायला अरुणचा दंड घेतला. खाली धक्क्यावर गर्दी होती. तेवढ्यात वरच्या अंगानं एक मालवाहू जहाज आलं, डब्यांवर डबे रचलेलं, इतकं अवाढव्य आणि इतक्या जवळून की समोरचा किनारा दिसेनासा झाला आणि एक अख्खी इमारत आपल्यासमोरून चालत जातेय असं वाटायला लागलं. ते जाईपर्यंत बोलायची गरज नव्हती. दोघांनीही मनातून ते आणखी लांब असावं अशी इच्छा केली असेल. ते संपलं. समोर पुन्हा पाणी आणि पलीकडचा किनारा आला.

"अरुण," केदार म्हणाला. मग कठड्यावरची रंगाची खपली नखानं काढत राहिला. "ते गाडीत... तू काही मनावर घेऊ नकोस. म्हणजे विषय तसा... रुचाचं म्हणणं असं की..."

अरुणनं त्याच्याकडे बघितलं. केदारचे ओठ कोरडे पडले होते, मानेवर घामाची रेघ होती, आणि चेहऱ्यावर तोच भाव होता जो पस्तीस वर्षांपूर्वी सिनेमाच्या तिकिटांच्या रांगेत होता. त्याला वाटलं, या माणसाला हे वाक्य पूर्ण करायला लावलं तर तो पुन्हा कधी माझ्याकडे बघू शकणार नाही. आणि बघायला आता उरलंय कोण. हा विचार दयेचा होता की भीतीचा हे त्याला ठरवता आलं नाही, आणि ठरायच्या आत तो बोलून बसला होता.

"अरे, मीच सांगणार होतो तुला," तो म्हणाला. "मला काही ते तिसरं घर जमणार नाही. अनिका मागे लागलीये. रेडमंडला तिच्याकडे ये म्हणते."

"अनिका?"

"हो. खाली एक खोली आहे त्यांची, बाथरूमसकट. केव्हाचं चाललंय तिचं. तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं. इतक्या वर्षांचं ठरलेलं."

केदार पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्याचा पगार घेत होता. स्वल्पविराम चुकला तरी त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. घरं बघायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेत मुलीकडे कसा निघाला, हे त्यानं विचारलं नाही. त्याचे खांदे दोन बोटं खाली आले. चेहऱ्यावरचं सगळं रक्त परत जागच्या जागी गेलं. त्यानं अरुणला मिठी मारली, घट्ट, आणि अरुणच्या खांद्यावरून नदीला म्हणाला, "मग आधी बोलायचं ना यार. आम्ही उगाच..." पुढे त्यानं मिठी सोडली आणि डोळे पुसले, खरं पाणी होतं. "रुचाला सांगू?"

"सांग," अरुण म्हणाला.

उतार चढून चौकात पोचेपर्यंत बातमी पोचली होती. कोणत्या ग्रुपवरून पोचली हे विचारण्यात अर्थ नव्हता. दीपानं त्याला जवळ घेतलं आणि ती रडलीच. म्हणाली की अहिल्याला किती बरं वाटलं असेल. रुचा म्हणाली, शेवटी लेक ती लेक, आम्हाला दोन्ही मुलगे, आम्हाला कोण बोलावणार. तिच्या आवाजात अस्सल हेवा होता आणि अरुणला क्षणभर खरोखरच आपण भाग्यवान असल्यासारखं वाटलं. कुमारला ताबडतोब आठवलं की त्याच्या ऑफिसातला एक जण अरुणच्याच भागात घर शोधतोय, सोमवारी सकाळी घेऊनच येतो त्याला, पाटीवर कशाला विसंबायचं. मूड परत आला. इतका आला की अहिल्या गेल्यापासून असा आला नव्हता. धक्क्यावरच्या एका हॉटेलात जेवायला बसले तेव्हा अरुणला मधली खुर्ची मिळाली. सगळे एकाच वेळी त्याच्याशी बोलत होते, त्याच्या ताटात कोळंबी वाढत होते, पिस्कॅटवेच्या जुन्या गोष्टी काढत होते, आणि अरुणनंही दोनतीन काढल्या, आणि लोक हसले. त्याला जाणवलं की ही माणसं त्याच्यावर प्रेम करतात. ती पूर्वीही करत असावीत. जाणाऱ्या माणसावर प्रेम करणं फार सोपं असतं. स्टेशनवर सगळेच चांगले वागतात.

कोळंबी संपायच्या आधीच फोन वाजला. अनिका. तो उठून बाहेर आला, धक्क्याच्या ओबडधोबड दगडांवर. हॉटेलच्या काचेतून आतली चौघं दिसत होती. रुचानं हात हलवला आणि हातानंच हृदयाचा आकार करून दाखवला.

"बाबा? रुचा मावशीचा मेसेज आला. शी सेज यू आर मूव्हिंग इन विथ अस. विथ, लाइक, टेन हार्ट्स."

"हो का."

"आपण यावर बोललो होतो का? मी विसरले का? आय फील टेरिबल, बाबा, आय डोन्ट रिमेंबर."

ती चांगली मुलगी होती. तिला आधी स्वतःचीच चूक दिसली. हा गुण अहिल्याकडून आला होता. मागे कुठेतरी नळ वाहत होता आणि तिचा नवरा आर्य हलक्या आवाजात काहीतरी विचारत होता, आणि तिनं फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तो काढल्याचा. त्या मधल्या शांततेत अरुणला एकदम असं वाटलं की आता काही न बोलता थांबावं. नुसतं थांबावं. ती काय म्हणते ते बघावं. कदाचित ती म्हणेल, ये ना. हा विचार त्याला याआधी कधी आला नव्हता, मघाशी केदारला सांगतानाही नाही. तेव्हा तो नुसता एक खोटा पत्ता होता. तो थांबला. नदीवर एक छोटी होडी मोठ्या आवाजात गेली. अनिकाही थांबली होती. दोघंही दुसऱ्यानं बोलायची वाट बघत होते, आणि ती शांतता जितकी लांबली तितकं अरुणला उत्तर ऐकू येत गेलं.

"नाही गं," तो म्हणाला. "रुचाचा गोंधळ झालाय. मी म्हटलं, उन्हाळ्यात जाणार आहे भेटायला."

"ओह." श्वास सुटला. तीन हजार मैलांवरून, उपग्रहाला लागून, परत खाली येऊन, तो श्वास त्याच्या कानात आला तेव्हा त्यानं तो ओळखला. दोन तासांपूर्वी याच धक्क्यावर, केदारच्या मिठीत, त्याच्या खांद्यावरून गेलेला होता. "ओह, ओके. ओके. नॉट दॅट वी वुडन्ट लव्ह इट, बाबा, तुला माहितीये ना. फक्त जागा... आणि आर्यचे आईबाबा येणारेत, मग ती खालची खोली..."

"माहितीये मला."

"आर यू शुअर यू आर ओके?"

"मजेत आहे. जहाजं बघतोय."

"मग मी रुचा मावशीला काय लिहू?"

अरुणनं काचेतून आत बघितलं. केदार हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि बाकीचे तिघं मागे रेलून हसत होते. त्याची खुर्ची त्यांनी मध्येच ठेवली होती, कोट तिच्या पाठीवर.

"थँक यू म्हण," तो म्हणाला. "आणि एखादं हार्ट पाठव."

"कुठलं?"

"कुठलंही."

तिला काहीतरी कळलं असावं, किंवा कळू नये असं तिनं ठरवलं असावं. लव्ह यू, ती म्हणाली. तोही म्हणाला. मराठीत त्याला हे कधी म्हणता आलं नव्हतं, इंग्रजीत सोपं जातं.

तो आत आला तेव्हा रुचाच्या फोनवर नुकतंच काहीतरी उमटलं होतं आणि ती तो सगळ्यांना दाखवत होती. बघ, रुचा म्हणाली, किती खूश आहे पोरगी. कुमारनं विचारलं, तिकडे पाऊस फार ना रे? अरुण म्हणाला, असतो, पण बारीक. लोक छत्रीसुद्धा घेत नाहीत म्हणे. होईल सवय, असं कुमार म्हणाला आणि अरुणनं मान हलवली. मग दीपानं नॅपकिनची घडी घालत, त्याच्याकडे न बघता विचारलं की उद्या तो घरं बघायला येईलच ना. म्हणजे हॉटेलवर थांबायचं असेल तर तसं, पण नीना म्हणत होती की तिसऱ्या घराची मागची भिंत तिला फोटोत नीट वाटत नाही, समुद्राजवळची हवा, आणि तो मूळचा सिव्हिलचा, त्याला यातलं कळतं. बाकीच्यांना काय, रंग दिला की सगळं चांगलंच दिसतं. केदार पाण्याच्या ग्लासात बघत होता. अरुणनं कोट खुर्चीवरून काढला, पुन्हा नीट लावला आणि बसला.

"ओल बघायची असेल तर सकाळी लवकर निघायला हवं," तो म्हणाला. "भिंत उन्हात आली की काही दिसत नाही."